मॅसीवाला फर्ग्युसन

फर्ग्युसन म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना पुण्याचा एफ.सी. रोड आठवतो. ते कॉलेज मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाचं. मी सांगतोय तो फर्ग्युसन वेगळा. गावाकडे ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात, त्या ट्रॅक्टरच्या नावातला दुसरा अर्धा भाग म्हणजे हॅरी फर्ग्युसन.

त्याचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या डाउन परगण्यातल्या ग्रोवेलचा. घर शेतकऱ्याचं, भावंडं अकरा. पण शेतकाम याला नकोसं. १९०२ मध्ये तो बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात शिरला. डिग्री नाही, सगळं हातानं शिकला. ३१ डिसेंबर १९०९ ला त्यानं स्वतः बांधलेलं विमान सुमारे १३० यार्ड उडवून दाखवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण!

१९१७ मध्ये, महायुद्धात, सरकारी ट्रॅक्टरांवर देखरेख करायचं काम त्याच्याकडे आलं. तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. तो दगडाला अडला की मागची चाकं जोर लावत राहायची, ट्रॅक्टर पुढून उचलला जायचा आणि चालकावर उलटायचा. माणसं मरायची. ट्रॅक्टर आणखी जड करा, हा सोपा उपाय होता. फर्ग्युसननं तो घेतला नाही. त्यानं नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडला: खाली दोन आर्म, वर एक टॉप लिंक. नांगर अडला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते, त्यामुळे पुढची चाकं जमिनीवर राहतात. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते. हलका ट्रॅक्टर जड काम करू लागला. आपण थ्री-पॉइंट लिंकेज म्हणतो ते हेच.

१९३८ मध्ये हेन्री फोर्डशी त्यानं नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. फोर्डच्या नातवानं तो मोडला, तेव्हा फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. साठी उलटलेल्या माणसानं आता आराम करायला हरकत नव्हती. पण ओल्या रस्त्यावर गाड्या घसरून होणारे अपघात त्याला स्वस्थ बसू देईनात. टोनी रोल्ट आणि फ्रेडी डिक्सन या रेसिंगवाल्यांना घेऊन तो आधीच फोर-व्हील ड्राइव्हच्या मागे लागला होता.

आता त्याची अडचण समजून घ्यायची तर जुन्या पिकअपखाली शिरावं लागेल. मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतलेल्या विलीज जीपच्या घराण्यातली कोणतीही जुनी गाडी घ्या. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. एरवी ताकद फक्त मागच्या शाफ्टला जाते. चिखल आला की गाडी थांबवायची, क्लच दाबायचा आणि लिव्हर ओढायचा. आतला दातेरी तुकडा सरकतो आणि पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला घट्ट जोडला जातो. काही गाड्यांत त्याआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवरची खुंटी फिरवावी लागते. नाही फिरवली तर शाफ्ट फिरतो, चाकाला ताकद पोचतच नाही!

हे चिखलात झकास चालतं. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण आलं की पंचाईत. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात, म्हणून त्यांना जास्त फिरायचं असतं. शाफ्ट मात्र जखडलेले. मग टायर घासतात, शाफ्टमध्ये पीळ भरतो, लिव्हर सुटता सुटत नाही. म्हणून ही पद्धत रोजच्या गाडीला चालत नाही.

फर्ग्युसनच्या टीमनं मध्ये तिसरा डिफरन्शिअल बसवला. त्यामुळे पुढचे-मागचे शाफ्ट वेगवेगळ्या वेगानं फिरू शकतात. पण एक चाक घसरलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाणार, म्हणून त्या फरकाला मर्यादा घालणारे क्लचही जोडले. लिव्हरच नको, चारही चाकं कायम कामावर.

मोटार कंपन्यांनी मात्र ही गाडी बनवायला घेतली नाही. २५ ऑक्टोबर १९६० ला फर्ग्युसन गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या पी-९९ मध्ये बसून स्टर्लिंग मॉसनं आउल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. १९६६ मध्ये हीच पद्धत जेन्सन एफएफ या रस्त्यावरच्या गाडीत आली. बनल्या जेमतेम ३२०.

मला हा माणूस आवडतो तो हट्टासाठी. नांगर असो की मोटार, चाकाची पकड वाढवायला त्यानं लोखंड वाढवलं नाही. जोर कुठून कुठे जातो एवढंच शोधलं. तेव्हा मित्रहो, फोर-व्हील आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये फरक काय, असं व्हायव्हाला विचारलंच तर गोंधळू नका. आधी वळणावरची पुढची चाकं डोळ्यांसमोर आणा, मग हॅरीला आठवा. उत्तर आपोआप सुचेल.