गरिबांचे वकील : संत इव्हो

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. जमिनीच्या दाव्यात बाप गेला आणि तारखा मुलाच्या वाट्याला आल्या, अशी घरे आपण पाहिली आहेत. पण ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याच्या हाती पैसा नाही, त्याने जावे कुठे? सातशे वर्षांपूर्वी, आजच्या फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात, असे लोक संत इव्हो यांच्याकडे जात.

इव्हो यांचा जन्म १२५३ साली त्रेगिएजवळच्या केरमार्टिन येथे झाला. पॅरिस आणि ऑर्लेआं येथे कायदा शिकून ते प्रथम रेन व नंतर त्रेगिए येथे धर्मन्यायालयाचे न्यायाधीश झाले. विवाह, मृत्युपत्रे, विधवा व अनाथ यांचे दावे त्या काळी अशा न्यायालयांत चालत. ते लाच घेत नसत आणि खटला उभा राहण्याआधीच दोघांचा समेट घडवू पाहत. आपल्या न्यायालयात न्यायाधीश असलेले इव्हो दुसऱ्या न्यायालयांत मात्र गरिबांचे वकील म्हणून उभे राहत. फी नाहीच, उलट खटल्याचा खर्चही स्वतः करीत आणि अशिलांना भेटायला तुरुंगातही जात. १२८४ साली धर्मगुरू झाल्यावर, पुढे त्रेद्रे व लुआनेक या धर्मग्रामांत असतानाही, हे काम सुटले नाही.

त्यांची एक गोष्ट आम्हांला फार आवडते. तूर शहरात एका विधवेकडे दोघा प्रवाशांनी पेटी ठेवली. आम्ही दोघे मिळून आलो तरच परत दे, असे बजावले. पुढे एकटाच येऊन थाप मारून ती घेऊन गेला आणि दुसऱ्याने बाईवर दावा ठोकला. बाई हरल्यातच जमा होती. इव्हो उभे राहिले आणि म्हणाले की पेटी द्यायला बाई तयार आहे, पण ठरल्याप्रमाणे दोघांनीही हजर व्हावे. वादीचा चेहरा पडला. दोघेही एकाच टोळीतले भामटे निघाले!

१९ मे १३०३ रोजी इव्हो वारले. १३३० साली त्यांच्या जीवनाची चौकशी झाली, तेव्हा साक्ष द्यायला दोनशेहून अधिक माणसे आली. १३४७ साली पोप सहावे क्लेमेंट यांनी त्यांना संतपद दिले. वकिलांचे ते आश्रयदाते संत. दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्रेगिएच्या कॅथेड्रलमधून त्यांचे अवशेष मिरवणुकीने केरमार्टिनकडे नेतात, आणि देशोदेशीचे वकील व न्यायाधीश काळे झगे घालून मागून चालतात.