मजूरमंत्री बाबासाहेब



पनवेलहून पेणकडे जाताना वाटेत शिरढोण गाव लागते. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली येथे जन्मले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात ते कारकून होते. आई आजारी पडली, त्यांनी रजा मागितली; ती वेळेवर मिळाली नाही आणि आईची अखेरची भेट चुकली. पुढे १८७९ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले व १८८३ मध्ये एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला.

विचार करा, शिकलेल्या सरकारी कारकुनाची ही गत, तर गिरणीतल्या, खाणीतल्या मजुराला कोण पुसणार? त्याची रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी. ह्या मेहेरबानीचा हक्क करण्यासाठी जो महापुरुष झटला, त्याची तसबीर तुमच्या घरात आहे.

बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात ते वाढले. १९१३ साली बडोद्याच्या नोकरीत असताना वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले आणि पितापुत्रांची भेट झाली. परदेशात मोठ्या पदव्या मिळवूनही ते त्याच चाळीत परतले. मजुराचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कैवार घेतला. १९२९ साली तसा कायदा झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यात ते आघाडीवर होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ च्या डिसेंबरात धनबादला जाऊन ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. खाणकामगारांसाठी कल्याणनिधी उभा राहिला. १९४५ साली कारखान्यातील प्रौढ कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे काम ४८ तासांवर आले. आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली योजना कानपूर व दिल्लीत सुरू झाली. पुढे तिच्यात कामगाराच्या कुटुंबालाही औषधोपचार मिळू लागला. आजार, म्हातारपण, बेकारी व बाळंतपण ह्यांत आधार देण्याचे कर्तव्य संविधानाच्या ४१ व ४२ व्या कलमांनी राज्यावर टाकले. २०२० साली असे नऊ जुने कायदे संसदेने एका संहितेत आणले.

उपासकांनो, सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर रजा द्यावी. धम्माने ज्याला मालकाचे कर्तव्य म्हटले, ते बाबासाहेबांनी मजुराचा हक्क म्हणून कायद्यात आणले.

पण शेतमजूर, वीटभट्टीवरचे कामगार, घरकाम करणाऱ्या बाया ह्यांच्यापर्यंत तो हक्क अजून पुरता पोचलेला नाही. म्हणून दोन गोष्टी करा. घरातील कमावत्या माणसाची विम्यात नोंद आहे का, हे आजच पाहा. नोंद नसेल तर ती मागा. ती भीक नव्हे. आणि उद्या तुमच्याच घरी कामाला येणाऱ्या बाईने आजारी आईसाठी रजा मागितली, तर शिरढोणच्या त्या मुलाची आठवण ठेवा. तिला जाऊ द्या, आणि पगार कापू नका.

जयभीम!