मुक्तीच्या शोधात पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव नावाचे स्टेशन लागते. तेथे ‘मुक्ती मिशन’ ही संस्था आहे. मुक्ती हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! परंतु ज्या स्त्रीने आपल्या संस्थेला हे नाव दिले, तिला या एका शब्दासाठी निम्मे आयुष्य वणवण करावी लागली होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करला. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठवून रमेला श्लोक शिकविले. मोक्षाच्या ओढीने हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे हिंडले. जवळचे सारे द्रव्य दानधर्मात संपले आणि मग मद्रास इलाख्यातील दुष्काळाने त्यांना गाठले. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला चौथा माणूस मिळेना, तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी म्हणून त्यांनी ते ओझे खांद्यावर नव्हे, डोक्यावर वाहिले!

भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायपीट करीत १८७८ साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण याच काळात धर्मशास्त्रे वाचताना त्यांच्या मनाला जबर धक्का बसला. इतर बाबतींत शास्त्रकारांचे मतभेद असले, तरी स्त्री आणि शूद्र यांना पुरुषाप्रमाणे, द्विजाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही, यावर त्यांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. ज्या मोक्षासाठी आईवडिलांनी हाडे झिजविली, त्याचे दार आपल्याला बंदच! पदवी घेऊन काय करायचे?

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी विवाह केला. कन्या मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, १८८२ साली, पतीही गेले. त्यानंतर त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे पतित स्त्रियांना आधार देणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. समाजाने टाकलेल्या बाईची सेवा धर्म म्हणून का करतात, असे विचारता त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकविण्यात आली. पापी म्हणून हिणविलेल्या स्त्रीशी विहिरीवर बसून देवाविषयी बोलणारा गुरू त्यांना प्रथमच भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्र संतापला. पंडिता म्हणून मिळालेला मान ओसरला. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच त्यांच्या बाजूने लेखणी घेऊन उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मग या श्रद्धेने त्यांना दिले तरी काय? रमाबाईंचे स्वतःचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी नमूद केले आहे. तारण हे मेल्यानंतर मिळायचे बक्षीस नसून ते आजच, आहे त्या स्थितीत, फुकट मिळते, हे कळले तेव्हा त्यांची वणवण थांबली. अधिकाराची अट नाही, तीर्थांची अट नाही. हा त्यांचा या लोकीचा लाभ!

तो त्यांनी एकटीपाशी ठेवला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-स्त्रिया आणल्या. केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. विणकाम, तेलघाणी, शेती, छापखाना असे उद्योग स्त्रियाच चालवू लागल्या. मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवीत. भुकेल्या मुलीला आधी भाकरी, मग अक्षर, मग प्रार्थना. मुक्तीचे इहलोक आणि परलोक असे दोन तुकडे त्यांनी पाडलेच नाहीत.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. पंडितांसाठी नव्हे, तर नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातील बाईला कळावे म्हणून! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने सोप्या मराठीसाठी घेतलेले हे कष्ट मला पदव्यांहून मोठे वाटतात.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण खरी कसोटी पुढेच होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. सारे आप्त गमावलेल्या आईची शेवटची लेकही गेली. तरी रमाबाईंनी बायबलाची मुद्रिते तपासणे थांबविले नाही. मृत्यू ही ताटातूट आहे, शेवट नव्हे, या विश्वासावर त्या उभ्या होत्या. हातातील काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी झोपेतच देह ठेवला.

त्यांचा धर्म सर्वांना पटेल असे नाही, पटावा असा आग्रहही नाही. पण चिरंतन जीवनाची आशा माणसाला या जगापासून पळवीत नाही, उलट येथील टाकलेल्या माणसापाशी आणून उभी करते, हे या जीवनातून दिसते. जे आपल्याला मिळाले ते दुसऱ्याच्या ओंजळीत घालता येणे, याहून मोठे फळ श्रद्धेला कोणते असणार?