एव्हांजेलिस्टा टॉरिसेली

एव्हांजेलिस्टा टॉरिसेली (१५ ऑक्टोबर, इ.स. १६०८ – २५ ऑक्टोबर, इ.स. १६४७) हे इटालियन गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. पाऱ्याच्या वायुदाबमापकाचा शोध त्यांच्या नावावर आहे. द्रवस्तंभाच्या उंचीवरून दाब मोजण्याच्या पद्धतीचा पाया त्यांच्या प्रयोगाने घातला.

जीवन
टॉरिसेलींचे प्रारंभीचे शिक्षण फाएन्झा येथे, धर्मसंघात असलेल्या एका नातलगांच्या देखरेखीखाली झाले. पुढे रोममध्ये त्यांनी गॅलिलिओंचे शिष्य बेनेडेट्टो कास्टेली यांच्याकडे अध्ययन केले. इ.स. १६४१ मध्ये ते आर्चेत्री येथे गेले. धर्मन्यायालयाच्या शिक्षेमुळे गॅलिलिओ तेथे नजरकैदेत होते व त्यांची दृष्टी गेली होती. टॉरिसेलींनी त्यांच्या अखेरच्या काही महिन्यांत लेखनसाहाय्यक म्हणून काम केले. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओंचे निधन झाल्यावर टस्कनीचे ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरे यांनी टॉरिसेलींना आपल्या दरबारी गणितज्ञ म्हणून नेमले.

पाऱ्याचा प्रयोग
शोषणपंपाने पाणी सुमारे १० मीटरांपेक्षा वर चढत नाही, हे त्या काळी कारागिरांना ठाऊक होते. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, या मताने त्या मर्यादेचा उलगडा होत नव्हता. लांब दोर स्वतःच्या भाराने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे गॅलिलिओंचे स्पष्टीकरण होते. टॉरिसेलींनी गुरूंहून वेगळे मत मांडले. पाण्याला आतून कोणी ओढत नसून बाहेरील हवेचा भार त्याला वर ढकलतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असल्याने त्याचा स्तंभ त्याच प्रमाणात कमी उंचीचा असला पाहिजे. इ.स. १६४४ मध्ये फ्लॉरेन्स येथे विन्चेंझो विव्हियानी यांच्या साहाय्याने हा प्रयोग झाला. एका टोकाला बंद असलेली पाऱ्याने भरलेली काचनळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली असता स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटरांवर स्थिरावला. वरच्या टोकाला फुगा असलेल्या नळीतही उंची तेवढीच राहिली. यावरून वरच्या पोकळीचा आकार स्तंभाला धरून ठेवत नाही, हे दिसले.

उंची व दाबाची एकके
द्रवस्तंभाचा दाब हा घनता, गुरुत्वत्वरण व उंची यांच्या गुणाकाराइतका असतो. नळीच्या रुंदीचा त्यावर परिणाम होत नाही. पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर व गुरुत्वत्वरण ९.८१ मीटर प्रति वर्गसेकंद धरल्यास:

१ मिलिमीटर पाणी = ९.८१ पास्कल
१ मीटर पाणी = ९.८१ किलोपास्कल
१०.३ मीटर पाणी = सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे १ वातावरण

टॉरिसेलींच्या नावावरून ओळखले जाणारे 'टॉर' हे एकक १ वातावरणाच्या ७६०व्या भागाइतके, म्हणजे सुमारे १३३.३ पास्कल असून ते जवळजवळ १ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाएवढे आहे. १ टॉर म्हणजे सुमारे १३.६ मिलिमीटर पाणी.

अखेर व प्रभाव
टॉरिसेलींनी हा प्रयोग मायकेलअँजेलो रिच्ची यांना पत्राने कळवला. स्वतःच्या हयातीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला नाही. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या ग्रंथात भूमिती व गतिशास्त्राचे विवेचन होते. वयाच्या ३९व्या वर्षी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, इ.स. १६४८ मध्ये, ब्लेझ पास्कल यांच्या सूचनेवरून फ्रान्समधील पुई द डोम पर्वतावर हाच प्रयोग करण्यात आला. उंचावर पाऱ्याचा स्तंभ खाली आल्याने टॉरिसेलींच्या मताला पुष्टी मिळाली.