बिएट्रिस टिन्स्ली : दीर्घिकांच्या बदलत्या तेजाची अभ्यासक

दूरच्या दीर्घिकांचे मूळ तेज कालांतराने फारसे बदलत नाही, असे गृहीत धरून विसाव्या शतकाच्या मध्यास विश्वाचे मोजमाप चालले होते. या गृहीतालाच बिएट्रिस टिन्स्ली यांनी आव्हान दिले.

२७ जानेवारी १९४१ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे जन्मलेल्या बिएट्रिस यांचे बालपण न्यूझीलंडमध्ये गेले. कँटरबरी विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेऊन, विवाहानंतर १९६३ साली त्या पतीसमवेत अमेरिकेतील डलास येथे गेल्या. तेथून सुमारे तीनशे किलोमीटरवरील ऑस्टिनला ये-जा करीत त्यांनी १९६६ मध्ये आपला प्रबंध पूर्ण केला.

त्यांची पद्धत सरळ, परंतु कष्टसाध्य होती. मोठे निळे तारे अल्पायुषी, तर लहान तांबडे तारे दीर्घायुषी असतात. दीर्घिकेत तारे केव्हा व किती जन्मले, कोणते विझले, याचा हिशेब संगणकावर मांडून त्यांनी साऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज केली आणि तिचा रंग व तेज प्रत्यक्ष निरीक्षणांच्या नोंदींशी ताडून पाहिले. लंबवर्तुळाकार दीर्घिका पूर्वी अधिक तेजस्वी होत्या, असे त्यातून दिसले. साहजिकच, त्यांना प्रमाणदीप मानून विश्वाचे भवितव्य वर्तविणे धोक्याचे ठरले. ॲलन सँडेज यांच्यासारख्या ज्येष्ठ संशोधकांशी त्यांचा मतभेद झाला; पण त्या आपल्या निष्कर्षावर ठाम राहिल्या.

डलासमध्ये त्यांना योग्य पद लाभले नाही. १९७४ साली घटस्फोट झाला आणि दोन्ही दत्तक मुलांपासून दूर राहण्याचे दुःख पत्करून त्या १९७५ मध्ये येल विद्यापीठात रुजू झाल्या. १९७७ साली रिचर्ड लार्सन यांच्या सहकार्याने त्यांनी तेथे दीर्घिकांच्या उत्क्रांतीवर परिषद भरविली. १९७८ मध्ये खगोलशास्त्राच्या प्राध्यापकपदाचा मान तेथे प्रथमच एका स्त्रीला मिळाला, तो त्यांना. आणि त्याच वर्षी त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाले. उजवा हात निकामी झाल्यावर त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. २३ मार्च १९८१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे स्लोन आकाश सर्वेक्षणासारख्या उपक्रमांतून लक्षावधी दीर्घिकांचे वर्णपट संगणकीय भांडारांत जमा झाले. त्यांवरून दीर्घिकांचे वय व इतिहास काढणारे अभ्यासक आजही ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज करतात. त्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत टिन्स्ली यांचे नाव अग्रभागी आहे.