बुडीत खात्यातला बाप

बँकेच्या नोकरीत मी छत्तीस वर्षं काढली. त्यातली निम्मी ग्रामीण शाखांत. मराठवाड्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचं टेबल माझ्याकडे होतं, तेव्हाची एक फाईल अजून मनातून जात नाही. विहिरीसाठी कर्ज घेतलेला एक शेतकरी लागोपाठ दोन वर्षं पाऊस न झाल्यानं बायकोमुलांसह रातोरात गाव सोडून गेला. मी चौकशीला गेलो तेव्हा दाराला कडी होती आणि ओट्यावर एक कुत्रं बसलं होतं. परत येऊन मी शेरा लिहिला : कर्जदार फरार, वसुलीची शक्यता नाही. फाईल बुडीत खात्यात गेली आणि मी जेवायला घरी गेलो.

निवृत्तीनंतर नातीच्या आग्रहाखातर लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची पुस्तकं वाचायला घेतली. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानावर आपलं बालपण कसं गेलं, याची तिनं 1932 पासून लिहिलेली ही कथामाला. पुस्तकं लॉराची, पण मला त्यातला तिचा बाप भेटला. चार्ल्स इंगल्स. लांब दाढीचा, गळ्याशी टेकवून व्हायोलिन वाजवणारा, हातात कुऱ्हाड दिली तर चार भिंती आणि छप्पर उभं करणारा माणूस. त्या पुस्तकांवरून 1974 ते 1983 या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर मालिका झाली आणि हा बाप घरोघरी पोचला. मालिकेत मात्र त्याची दाढी काढून टाकलेली होती. नुसती दाढीच नव्हे, आयुष्यातलं आणखीही बरंच काही पुसलं गेलं होतं, हे पुढे त्याची खरी हकीकत वाचताना कळलं. मला तो अधिक जवळचा वाटू लागला तो त्यानंतर.

चार्ल्सचा जन्म 10 जानेवारी 1836 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा या गावचा. बापालाही एका जागी चैन नव्हतं. कुटुंब सरकत सरकत विस्कॉन्सिनच्या जंगलात आलं. तिथं शेजारी क्वायनर नावाचं घर होतं. या दोन घरांत आपल्याकडच्या साट्यालोट्यासारखी तीन लग्नं झाली. त्यातलं एक चार्ल्स आणि कॅरोलाइनचं, 1 फेब्रुवारी 1860 रोजी. कॅरोलाइन लग्नाआधी शाळेत शिकवत होती. नवऱ्याच्या पायाला भिंगरी आणि बायकोचं मन मुलींच्या शाळेत, अशी या संसाराची दोन चाकं होती. 1865 मध्ये मेरी जन्मली, 1867 मध्ये लॉरा.

त्या काळच्या अमेरिकेत जमिनीची जी ओढ होती, तिच्यामागे एक कायदा होता. लिंकनच्या कारकिर्दीत 1862 मध्ये होमस्टेड कायदा झाला. कुटुंबप्रमुखानं नाममात्र शुल्क भरायचं, 160 एकर सरकारी जमीन नावावर मागायची, तिथं घर बांधून पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसून दाखवायची. पाच वर्षं टिकलात तर मालकी तुमची. या कायद्यानं पुढच्या काळात सुमारे सोळा लाख लोकांना मिळून सत्तावीस कोटी एकर जमीन दिली. एवढी जमीन आली कुठून, हा प्रश्न आपल्यासारख्या सातबारा पाहणाऱ्यांच्या मनात येतोच. उत्तर सरळ आहे. तिथं आधी राहणाऱ्यांकडून आली.

चार्ल्सच्या आयुष्यातही हे आहे, आणि ते झाकून चालणार नाही. 1869 मध्ये तो बायको आणि दोन मुलींना झाकलेल्या बैलगाडीसारख्या घोडागाडीत घालून कॅन्ससमध्ये इंडिपेंडन्स गावाजवळ गेला. तिथं त्यानं घर बांधलं, विहीर खणली. 1870 च्या ऑगस्टमध्ये तिथंच तिसरी मुलगी कॅरी झाली. पण ती जमीन ओसेज जमातीची राखीव जमीन होती आणि वसाहतीसाठी खुली झालेली नव्हती. चार्ल्ससारखे शेकडो जण तिथं बिनधास्त घुसले होते. या दडपणाखाली ओसेज लोकांनी 1870 मध्ये जमीन विकायला मान्यता दिली आणि ते आजच्या ओक्लाहोमाकडे निघून गेले. एक चांगला बाप आपल्या मुलींसाठी घर बांधत होता आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या मुलींचं घर मोडत होतं. दोन्ही खरं आहे. गंमत म्हणजे चार्ल्सला ती जमीन लाभलीच नाही. विस्कॉन्सिनचं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून 1871 मध्ये हे बिऱ्हाड परत जुन्या घरी आलं.

1874 मध्ये पुन्हा गाडी जुंपली. या खेपेला मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह. प्लम क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठावर, जमिनीत खणलेल्या मातीच्या खोलीत संसार मांडला. गव्हाच्या भरवशावर उधारीनं लाकूड आणून नवं घर बांधलं, असं लॉरानं लिहिलं आहे. ते वाचताना माझ्यातला बँकवाला दचकला. पीक हाती यायच्या आत घर! आणि मग जे व्हायचं तेच झालं. टोळ आले.

हे टोळ म्हणजे रॉकी माउंटन टोळ. 1873 पासून चार-पाच वर्षं त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना रडवलं. 1875 च्या जूनमध्ये नेब्रास्कात पाहिलेल्या एका थव्याचा विस्तार एक लाख अठ्ठ्याण्णव हजार चौरस मैल असावा, असा अंदाज त्या वेळी नोंदवला गेला. म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्र झाकून वर पुष्कळ उरेल इतका. उभा गहू गेला, गवत गेलं, झाडांचा पाला गेला. जाताना टोळ जमिनीत अंडी घालून गेले, म्हणजे पुढचं वर्षही गेलं. चार्ल्स पूर्वेकडे जिथं पीक शाबूत होतं तिथं चालत गेला आणि दुसऱ्याच्या शेतात कापणीची मजुरी करून घरी पैसे पाठवू लागला. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या मी शाखेच्या खिडकीतून दरवर्षी पाहिल्या आहेत. त्यामुळे हे चालणं मला कुणी समजावून सांगायला नको.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट यानंतर येते. 1875 च्या अखेरीस सरकारी मदतीचं पीठ वाटलं जात होतं. ते मिळवण्यासाठी चार्ल्सला आपल्याजवळ कोणतंही साधन उरलेलं नाही असं शपथेवर लिहून द्यावं लागलं. सव्वापाच डॉलर किमतीची पिठाची दोन अर्धी पिंपं त्याला मिळाली. लॉरानं मुलांसाठी लिहिताना ही गोष्ट वगळली. मुलीनं बापाची लाज राखली, असं मी म्हणेन. पण त्या कागदावर सही करताना त्याचा हात कसा चालला असेल, हे मला टेबलाच्या या बाजूनं माहीत आहे. असे कागद मीही पुढे सरकवले आहेत. सही करणारा वर पाहत नाही.

त्याच सुमारास, 1875 च्या नोव्हेंबरमध्ये, मुलगा झाला होता. फ्रेडी. एकुलता एक मुलगा. 1876 मध्ये शेत विकून कुटुंब आयोवाकडे निघालं आणि वाटेत नातलगांकडे मुक्काम असताना ऑगस्टमध्ये फ्रेडी गेला. नऊ महिन्यांचा होता. आयोवातल्या बर ओक गावी चार्ल्सनं एका छोट्या हॉटेलच्या कामात मदत केली, मिळेल ती मजुरी केली. 1877 च्या मे महिन्यात चौथी मुलगी ग्रेस जन्मली. गावातल्या डॉक्टरांच्या बायकोनं लॉराला आपल्याकडे द्यावं असं सुचवलं होतं. खायला तोंडं जास्त आणि हातात पैसा नाही, अशा वेळी तो प्रस्ताव आला होता. आईबापांनी मुलगी दिली नाही.

आणि मग ती रात्र. घरभाडं थकलं होतं. घरमालक पैसे घेतल्याशिवाय जाऊ देईना. चार्ल्सनं अंधारात गाडी जुंपली, मुलींना झोपेतून उठवून आत बसवलं आणि गाव सोडलं. लॉरानं हे प्रौढांसाठी लिहिलेल्या आत्मकथेत सांगितलं होतं. ती आत्मकथा तिच्या हयातीत छापली गेली नाही. 2014 मध्ये ती टीपांसह प्रसिद्ध झाली. हा प्रसंग मी वाचला आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या फायलीतल्या त्या घराची कडी आठवली. फरार, वसुलीची शक्यता नाही. गाडीच्या आत कोण बसलं होतं, हे लिहायला शेऱ्याच्या रकान्यात जागाच नव्हती.

पुन्हा वॉलनट ग्रोव्ह. तिथं 1879 मध्ये मोठी मुलगी मेरी आजारी पडली आणि चौदाव्या वर्षी आंधळी झाली. तो मेंदूज्वरासारखा विषाणूजन्य आजार असावा, असं मत डॉक्टरांनी 2013 मध्ये मांडलं. त्या वेळी असं निदान कोण करणार? बहिणीचा नवरा रेल्वेचं काम घेत होता. त्याच्या ओळखीनं चार्ल्सला डाकोटा प्रदेशात रेल्वेच्या छावणीवर हजेरी आणि हिशेब ठेवण्याचं काम मिळालं. या माणसानं माझ्यासारखी खातेवहीही लिहिली, याचं मला उगाच बरं वाटलं. 1880 च्या फेब्रुवारीत त्यानं दे स्मेट गावाजवळ 160 एकरांचा होमस्टेडचा अर्ज भरला. तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हिमवादळं सुरू झाली. गावात आश्रयाला आलेलं हे कुटुंब तिथं अडकलं. जानेवारीत आगगाड्या बंद पडल्या त्या थेट मे महिन्यात आल्या. कोळसा संपला, तेव्हा वाळलं गवत पिळून त्याच्या दांड्या करायच्या आणि त्या चुलीत घालायच्या. पीठ संपलं, तेव्हा कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात आळीपाळीनं गहू भरडायचा. गवत पिळून बापाची बोटं इतकी सुजली, की व्हायोलिन वाजवता येईना. घरातलं संगीत थांबलं तेव्हा मुलींना संकट किती मोठं आहे ते उमगलं.

पण घर टिकलं. 1881 च्या शेवटाकडे मेरीला आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत पोचवलं. फी डाकोटाचं सरकार भरी, कपडेलत्ते आणि प्रवास घरचा. त्यासाठी बापानं सुतारकाम केलं आणि लॉरानं शाळेत शिकवायला सुरुवात केली. मेरी 1889 मध्ये शिक्षण पूर्ण करून घरी आली. 1886 मध्ये चार्ल्सच्या जमिनीचा दावा सिद्ध झाला आणि मालकी मिळाली. जन्मभर ज्याच्यामागे धावला तो कागद अखेर हातात आला. पुढच्याच वर्षी त्यानं गावात स्वतःच्या हातानं घर बांधलं आणि 1892 मध्ये ते शेत विकून टाकलं. पीक पाणी बेभरवशाचं, अंगात ताकद उरलेली नाही. त्याला अजून पश्चिमेला जायचं होतं, ऑरेगॉनपर्यंत. पण मुलींच्या शाळेसाठी आता इथून हलायचं नाही हा कॅरोलाइनचा शब्द त्यानं पाळला. भटक्या माणसानं एका जागी थांबणं, याला मी तपश्चर्याच म्हणतो. गावानं त्याला मान दिला. चर्च उभं करणाऱ्यांत तो होता, न्यायदानाचं आणि गावकारभाराचं काम त्यानं केलं.

8 जून 1902 रोजी, सहासष्टाव्या वर्षी हृदयविकारानं तो गेला. मिसुरीत राहणारी लॉरा शेवटच्या दिवसांत भेटायला आली होती. ज्या टोळांनी त्याला देशोधडीला लावलं, त्या जातीचे शेवटचे जिवंत टोळ सापडले तेही 1902 मध्येच. पुढे ती जात नामशेष झाली. वंशाच्या दृष्टीनं चार्ल्सचंही तसंच झालं. चार मुलींत मिळून एकच नात मोठी झाली, लॉराची रोज. तीही 1968 मध्ये निपुत्रिक गेली.

मी बँकेच्या पद्धतीनं त्याचा ताळेबंद मांडून पाहिला. जमा बाजूला एक विकलेली जमीन, एक लहानसं घर, एक व्हायोलिन. खर्च बाजूला टोळ, गारठा, एक मुलगा, एका मुलीचे डोळे आणि बर ओकचं थकलेलं भाडं. कुठलाही अधिकारी याला कर्ज मंजूर करणार नाही. मीही केलं नसतं. ते व्हायोलिन आज मिसुरीत लॉराच्या घरी जपून ठेवलेलं आहे. शेतावर बायको-मुलींसाठी त्यानं कॉटनवुडची रोपं लावली होती, त्यातली काही झाडं शंभर वर्षांनंतरही उभी होती. आणि बापाला साठी ओलांडलेल्या मुलीनं शब्दांत धरून ठेवलं. हातात काही नसताना तो संध्याकाळी व्हायोलिन काढायचा आणि त्या मातीच्या खोलीत मुलींना आपण गरीब आहोत याची आठवणही राहायची नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

माझ्या फायलीतला तो शेतकरी पुढे कुठं गेला, मला माहीत नाही. त्याच्याही गाडीत एखादी मुलगी जागी असेल. अंधारात बापाची पाठ बघत बसलेली. तिनं कधी लिहिलंच, तर माझा शेरा तिच्या बापाबद्दलचा शेवटचा शब्द ठरू नये, इतकीच माझी इच्छा आहे.