बाबूराव पेंटर आणि इतिहासपट

नळदुर्गचा किल्ला आपण पाहिला असेलच. पडद्यावरील किल्ला पाहताना मात्र बाबूराव मेस्त्री ऊर्फ पेंटर (१८९०–१९५४) यांचे स्मरण ठेवावे. कोल्हापूरच्या या चित्रकाराने बंधू आनंदराव यांच्यासह स्वदेशी कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी ते काम तडीस नेले. १९२३ च्या 'सिंहगड' या मूकपटात त्यांनी रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित केले. परंतु या चित्रपटाचा आधार हरि नारायण आपटे यांची कादंबरी होती. १६७० ची घटना अशी दोनदा कल्पनेतून गाळून प्रेक्षकांपुढे आली, हे आपण विसरू नये. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये गड नाही, राजा नाही. सावकाराने नागविलेला शेतकरी आहे. आपल्या कोरडवाहू जिल्ह्याला तोच अधिक खरा वाटेल, असे मला वाटते.